न दुखणारी जखम

मधुमेह झालेल्या माणसाची आपल्याकडे एकाच प्रश्नाने चौकशी होते: शुगर किती आली? लग्नाच्या पंगतीत, इमारतीच्या जिन्यात, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फिरायला आलेल्या मंडळींत हाच प्रश्न असतो, आणि उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे आकडे घराघरांत तोंडपाठ असतात. तळपायाला स्पर्श कळतो का, लघवीतून प्रथिने जातात का, डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासून घेतला, असे मात्र कुणी कुणाला सहज विचारत नाही. पाय कापावा लागतो, डायलिसिसची वेळ येते किंवा दृष्टी जाते, तेव्हा त्यामागे बहुधा याच न विचारलेल्या गोष्टी असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. या आजाराच्या गुंतागुंतीवरचे संशोधन मी जमेल तसे वाचत आले आहे, आणि वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की होत गेली आहे. ही हानी बऱ्याच आधी ओळखता येते, तिचा मोठा भाग टाळता येतो आणि ती ओळखण्याची साधने महागडी नाहीत. राहून जाते ते ही तपासणी कुणाच्या तरी रोजच्या कामात बसवण्याचे.

हे वाचन सुरू झाले माझ्या मामांमुळे. मामा लालबागचे, तरुणपणी गिरणीत साचेखात्यात होते आणि १९८२ च्या संपानंतर त्यांनी उरलेली नोकरी वॉचमन म्हणून उभ्या उभ्या काढली. त्यांच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, जुना घट्टा होता. तो आतून कधी फुटला हे त्यांना कळलेच नाही. मामींना लादी पुसताना ओलसर तांबूस डाग दिसू लागले आणि ते डाग मामांच्या पावलांच्या मागोमाग जात आहेत हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा जखम उघडकीला आली. दुखत काहीच नव्हते. मामा त्याच पायाने रोज दूध आणायला जात होते.

आम्ही त्यांना पालिकेच्या एका रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने जखमेकडे पाहण्याआधी खणातून पेनासारखी एक वस्तू काढली, जिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर धागा होता. तो धागा तिने आधी मामांच्या मनगटावर टेकवून दाखवला आणि म्हणाली, "काका, आता डोळे मिटा. पायाला असं लागलं की 'हो' म्हणा." मग तिने तो डाव्या अंगठ्याच्या टोकाला उभा टेकवला, किंचित वाकेपर्यंत दाबला आणि उचलला, त्यानंतर मधल्या बोटाला, करंगळीला, बोटांच्या मुळांशी. मामा डोळे मिटून शांत बसले होते. डावा पाय संपवून ती उजव्या पायाकडे वळली तेव्हा ते म्हणाले, "करा ना डॉक्टर सुरू, मी तयार आहे."

तो धागा १० ग्रॅम इतका दाब पडला की वाकतो, आणि एवढा दाब ज्या तळव्याला कळत नाही त्याला जखमेपासून वाचवणारी जाणीव उरलेली नसते. हे माप ठरले ते कुष्ठरोगावरच्या कामातून, आणि या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धागा हाच आहे. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरला काम करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. रुग्णांच्या रोजच्या हालचाली बारकाईने पाहून ब्रँड यांनी दाखवून दिले की नसा बधिर झाल्याने वेदना थांबते, वेदना थांबल्याने माणूस पाय सांभाळत नाही, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या साध्या दाबाने ऊती मरतात. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेहींचे पाय पाहताना त्यांना हीच साखळी दिसली. त्याच संस्थेतल्या संशोधकांनी १९८६ मध्ये पायाला व्रण झालेल्या रुग्णांची तपासणी करून १० ग्रॅमची ही मर्यादा नोंदवली. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासून मुंबईत आहे. बधिर पायासाठी बनवलेली मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची चप्पल, जिला सगळे एमसीआर चप्पल म्हणतात, ती आपल्या देशात मधुमेहींच्या आधी कुष्ठरुग्णांच्या पायांत होती. ज्या माणसांना समाजाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या पायांवरून मिळालेले ज्ञान आज लाखो घरांतले पाय वाचवते आहे, याबद्दल आपल्याला कृतज्ञता वाटायला हवी.

धागा हाताशी नसला तरी अडत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ मध्ये एक आणखी सोपी चाचणी तपासून मांडली. रुग्णाने डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने क्षणभर हलकेच स्पर्श करायचा. दाबायचे नाही, टोचायचे नाही. या सहा जागांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांकडे जायचे. या चाचणीचे निष्कर्ष नायलॉनच्या धाग्याच्या निष्कर्षांशी चांगले जुळले. तिला खर्च नाही आणि ती घरचे कुणीही करू शकते. आमच्याकडे आता दिवाळीला सगळे जमले की मामी हे काम करतात.

मामांच्या जखमेचे मूळ औषधात नव्हते, दाबात होते. रक्तपुरवठा बरा असलेल्या आणि जंतुसंसर्ग नसलेल्या तळव्याच्या व्रणावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे तळव्याला सर्वत्र सारखे टेकणारे, गुडघ्याखालपर्यंतचे प्लास्टर. २००१ मधल्या एका तुलनेत असे प्लास्टर घातलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांची जखम १२ आठवड्यांत भरली. काढता येणाऱ्या बुटात हेच प्रमाण ६५ टक्के होते. हा बूटसुद्धा दाब चांगलाच कमी करतो, मग फरक का पडावा? त्याचे उत्तर दोन वर्षांनी मिळाले. संशोधकांनी २० रुग्णांच्या कमरेला एक आणि बुटात दुसरे पाऊलमोजणी यंत्र लावले. दिवसभरातल्या पावलांपैकी फक्त २८ टक्के पावले बूट घालून पडली होती. बाहेर जाताना रुग्ण बूट घालत होते आणि घरात आले की काढून ठेवत होते.

हा आकडा वाचल्यावर मी आपल्या उंबरठ्यांचा विचार करू लागले. तिकडच्या माणसांची घरात बूट काढण्याने ही अवस्था, तर जिथे चप्पल दाराबाहेर काढणे हा संस्कार आहे तिथे काय होत असेल? मुंबईतला निवृत्त माणूस, आणि त्याहूनही घर सांभाळणारी बाई, दिवसातली बहुतांश पावले घरातच टाकते: ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून गॅलरीपर्यंत. हजारो रुपये मोजून घेतलेली चप्पल त्या वेळी दाराबाहेरच्या कपाटात असते. डॉक्टरांनी "चप्पल घाला" असे सांगून हे सुटत नाही. घरात वापरायची, रोज धुऊन घेतलेली, बाहेर कधीही न नेलेली दुसरी जोडी हवी, असे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. मामींनी ती आणली आणि देवघराच्या कोनाड्यापासून चार पावले लांब तिची जागा ठरवली. अंगारकीला अनवाणी सिद्धिविनायकाला जायचा मामांचा जुना नेम होता. आता ते चप्पल घालून जातात. पावसाळ्यात परळ-हिंदमातेला पाणी साचले की त्यांनी घराबाहेर पडायचे नाही, असेही ठरले आहे, कारण पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. अशा पाण्यातून जावे लागलेल्यांनी ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, असे आवाहन पालिका करत असते. जखम भरली म्हणून पाय सुटला असे होत नाही. २०१७ च्या एका आढाव्यानुसार बऱ्या झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांना वर्षभरात आणि ६५ टक्के रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा व्रण होतो. म्हणून त्या डॉक्टर मुलीने केसपेपरवर 'बरा' असे लिहिले नाही, 'सध्या जखम नाही' असे लिहिले, आणि मला तिचा तो नेमकेपणा फार आवडला.

मग साखरेच्या आकड्याला महत्त्व नाही का? आहे, आणि ते किती हे फार कष्टाने सिद्ध झाले आहे. रक्तातली साखर काटेकोर ठेवल्याने गुंतागुंत टळते की नाही, यावर १९८० च्या दशकापर्यंत तज्ज्ञांतच वाद होता. १९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी नावाची चाचणी सुरू झाली आणि १९९३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ९ च्या आसपास असलेल्या गटापेक्षा ती ७ च्या आसपास राखलेल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी होते. टाइप २ साठीची ब्रिटनमधली यूकेपीडीएस ही चाचणी १९९८ मध्ये पूर्ण झाली, आणि तिने सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दाखवले. त्याच चाचणीत वरचा रक्तदाब सरासरी १५४ राहिलेल्यांपेक्षा तो १४४ पर्यंत आणलेल्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी होते. ही दुसरी बातमी पहिलीइतकी घरोघर पोहोचली नाही याचे मला वाईट वाटते. शुगरची वही ठेवणारे पुष्कळ आहेत, बीपीची वही ठेवणारे थोडे.

पण त्याच मार्गावर फार पुढे गेल्यास काय होते, हेही संशोधनाने लपवले नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड चाचणीत हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या १० हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांची एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न केला गेला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २०३, आणि २००८ मध्ये चाचणीचा तो भाग वेळेआधी थांबवावा लागला. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याने रात्रपाळी करणाऱ्या किंवा जेवणाची वेळ हातात नसलेल्या माणसाची साखर तरुणाइतकी खाली आणण्याचा हट्ट घरच्यांनी धरू नये, हे मी या चाचणीवरून शिकले. मामांचे लक्ष्य डॉक्टरांनी साडेसात ते आठच्या मध्ये ठेवले आहे. नातेवाईक त्यावर नाराज होतात, तेव्हा मी त्यांना हेच आकडे सांगते.

डोळ्यांच्या बाबतीत मुंबईने स्वतःच एक चांगला धडा दिला आहे. २०१८ मध्ये महापालिकेच्या दवाखान्यांत आलेल्या दोनशेहून अधिक मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याची छायाचित्रे स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने, आरोग्य कर्मचाऱ्यांकडून काढून घेण्यात आली. फोनमधल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने, इंटरनेटशिवाय, ती तिथल्या तिथे तपासली. तज्ज्ञांनी जे डोळे पुढे पाठवण्याजोगे ठरवले होते ते सर्व त्या प्रणालीने ओळखले. ज्यांना तसा विकार नव्हता त्यांच्यापैकी सुमारे ८८ टक्क्यांना तिने बरोबर वगळले. रुग्णसंख्या लहान होती, म्हणून या निष्कर्षाला अंतिम मानता येणार नाही. तरीही नेत्रतज्ज्ञाची भेट मिळेपर्यंत ताटकळणाऱ्या शहरात, बीपी मोजणाऱ्या टेबलाशेजारीच डोळ्याचे छायाचित्र निघू शकते, ही शक्यता मला एखाद्या नव्या इंजेक्शनपेक्षा मोठी वाटते. नियमित तपासणीचा आणखी एक फायदा स्कॉटलंडमध्ये दिसला. तिथे मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी राष्ट्रीय यंत्रणेमार्फत होतच होती. त्याच यंत्रणेचा आधार घेऊन संशोधकांनी पडद्याचा सुरुवातीचा विकार असलेल्या १,१५१ जणांवर फेनोफायब्रेट ही ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी कमी करण्यासाठी कित्येक दशके वापरात असलेली गोळी तपासली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विकार वाढून पुढे पाठवण्याची किंवा उपचारांची वेळ २९.२ टक्क्यांऐवजी २२.७ टक्के रुग्णांवर आली. लेझर किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनआधीच्या टप्प्यावर उपयोगी पडू शकणारी साधी गोळी हाती येते आहे. कुणाला द्यायची हे अर्थात डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

इथेच एक सावधगिरी. साखर फार झपाट्याने उतरली तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. डीसीसीटीमध्ये हे दिसले होते आणि २०१६ मध्ये साखर आणि वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या चाचणीतही पडद्याच्या गुंतागुंती ते घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के अशा नोंदल्या गेल्या. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची सध्या शहरात जी चर्चा आहे, तीत "सुरू करण्याआधी पडदा तपासला का?" हा प्रश्न मधुमेहींनी आवर्जून विचारावा.

मूत्रपिंडाचे प्रकरण सर्वांत मूक आणि गेल्या दशकात सर्वांत वेगाने बदललेले. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडाची बरीच क्षमता गेल्यावर वाढते, म्हणून ते 'नॉर्मल' आले की निर्धास्त होणे चूक आहे. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी असलेले प्रमाण त्याच्या कितीतरी आधी बोलू लागते. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही वर राहिले, तर गाळणीला इजा होते आहे असे समजतात. २००१ मध्ये लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळीच्या चाचणीने या टप्प्यापुढच्या रुग्णांत मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. त्यानंतर जवळपास दोन दशके नवे काही हाती लागले नाही. मग लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आल्या. त्यांचा मूळ पदार्थ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केलेला होता. या गोळ्या साखरेबरोबर सोडियमही पुढे जाऊ देतात; ते जाणवताच मूत्रपिंड आत येणारी रक्तवाहिनी आवळून घेते आणि गाळणीवरचा दाब उतरतो. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन आधी किंचित वाढल्यासारखे दिसते आणि घाबरलेले रुग्ण ती स्वतःच बंद करतात, हे होऊ नये. २०१९ मध्ये यांपैकी कॅनाग्लिफ्लोझिन या गोळीची चाचणी लाभ स्पष्ट दिसल्याने लवकर थांबवली गेली. मूत्रपिंड निकामी होणे, क्रिएटिनिन दुप्पट होणे आणि मूत्रपिंड वा हृदयाच्या आजाराने मृत्यू, यांची एकत्रित जोखीम ३० टक्क्यांनी घटली होती. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही लाभ होतो असे दाखवले. २०२५ मध्ये तर फिनेरेनोन ही वेगळ्या प्रकारची गोळी आणि याच गटातली एम्पाग्लिफ्लोझिन एकत्र सुरू केल्यास सहा महिन्यांत अल्ब्युमिन निम्म्याहून कमी होते, असा निष्कर्ष आला.

या गोळ्यांनाही दुसरी बाजू आहे. २०१७ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनच्या आधीच्या चाचणीत पाय किंवा बोटे कापण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि पुढच्या पुराव्यांनंतर २०२० मध्ये तो काढून घेतला. जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होतो, आणि कडक उपासात किंवा उलट्या होत असताना गोळी चालू ठेवली तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. नवरात्राचे नऊ दिवस उपास करणाऱ्या बायांना हे औषध देताना सांगायलाच हवे. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत भारतात संपली, अनेक देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत एकदम उतरली. माझ्या दृष्टीने त्या वर्षातली मधुमेहाविषयीची सर्वांत महत्त्वाची बातमी हीच होती.

मामांचा मुलगा चाळिशीतला आहे, अंधेरीला नोकरी करतो आणि त्यालाही मधुमेह निघाला. वडिलांचा पाय पाहिलेला असल्याने त्याने पहिल्याच भेटीत लघवीच्या या चाचणीचा हट्ट धरला. क्रिएटिनिन अगदी व्यवस्थित होते. अल्ब्युमिनचे प्रमाण ७४ निघाले. ताप, जंतुसंसर्ग किंवा दमवणाऱ्या व्यायामानेही ते वाढू शकते, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा नमुना घेतला आणि ते पक्के झाल्यावर गोळ्या बदलल्या. काही महिन्यांनी तेच प्रमाण चाळिशीच्या खाली आले आहे. त्याच्या ऑफिसच्या वार्षिक आरोग्य तपासणीत छातीचा एक्स-रे आहे, क्रिएटिनिन आहे, ही चाचणी मात्र नाही. ती मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या सर्व कर्मचाऱ्यांसाठी समाविष्ट करावी, असे पत्र त्याने मनुष्यबळ विभागाला लिहिले आहे. पाठवण्याआधी त्याने मसुदा मला वाचायला दिला होता, त्यात मी तळपायाच्या आणि डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची एक ओळ वाढवली. उत्तर यायचे आहे.